घासलेट स्वस्त झालं तेव्हा

सोलापूरला नांदायला आले तेव्हा जळण विकत घ्यावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर नातेपुत्याच्या पलीकडं, माळावरच्या एका वस्तीवर. घरी शेरडं-मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. तिथं पाणी जपून वापरायचे, गूळ कुलपात असायचा, पण चुलीत काय घातलं हे कुणी कधी मोजलं नाही. तुरीचं रान मोकळं झालं की तुरकाट्यांची गंज लागायची, बांधाला बाभळी होत्या, गोठ्यामागं शेणी थापायला जागा होती. विस्तव विझला तर शेजारच्या वस्तीवरून खापरात निखारे आणायचे. विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे.

लग्न झालं ते मिलमधल्या माणसाशी. आमचे हे बॉयलरवर आगवाले होते. भट्टीचं दार उघडायचं, फावड्यानं कोळसा आत फेकायचा, दार लावायचं, एवढंच काम. घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळे काळे. चाळीत आम्हाला एक खोली होती. तिच्या कोपऱ्यात मागल्या भाडेकरणीनं घातलेली चूल होती.

पहिल्या दिवशी हे पहाटेच्या भोंग्याला गेले. मी चूल सारवली, पीठ काढलं आणि बघते तर जळण नाही. म्हणून कोयता आणि दोरी घेऊन बाहेर पडले. मिलची भिंत संपेपर्यंत चालत गेले. एक लिंब दिसला, तो कुणाच्या तरी अंगणात होता. पुढं नुसती घरं, माग, दुकानं. एका मोकळ्या जागेत लाकडं रचून ठेवली होती. मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची तयारी असेल. चार ढलप्या उचलल्या तर आतून एक माणूस आला आणि त्यानं त्या माझ्या हातातून घेऊन तराजूत टाकल्या.

नशिबानं आमच्या चाळीतली एक बाई तिथं लाकडं न्यायला आली होती. ती तेलुगू विणकराची बायको, घरात दोन हातमाग. चाळीत तिला सगळे अक्का म्हणत. तिनं माझ्या हातातला कोयता बघितला आणि म्हणाली, "अम्मा, इथं कोयत्यानं नाही तोडायचं, पैशानं तोडायचं."

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, दिवसभर तुम्ही एवढा कोळसा जाळता, त्यातला एखादा खडा घरी का आणत नाही? हे म्हणाले की सुटताना फाटकावर अंगाची झडती होते, आणि डब्यात खडा सापडला म्हणून मागं एकाला कामावरून काढलं. पण एका भिंतीच्या आत आग फावड्यानं फेकतात आणि त्याच भिंतीच्या बाहेर ती तराजूत तोलतात, हे माझ्या डोक्यात काही नीट बसलं नाही.

लाकडं महाग पडायची म्हणून मी शेणींवर आले. शेणी घेऊन एक म्हातारी यायची. शहराबाहेरच्या धनगरवस्तीवर राहायची, विधवा होती, दुसऱ्यांच्या गुरांमागं फिरून शेण गोळा करायची, थापायची आणि वाळल्या शेणींची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या पेठेत यायची. तिचं बोलणं माझ्या माहेरासारखं. मी तिला मावशी म्हणू लागले. पाटी उतरवून ती उंबऱ्याशी बसायची, पाणी प्यायची, कुठं पाऊस झाला, कुणाची मेंढरं दगावली ते सांगायची. मला शेणींपेक्षा तिच्या बसण्याचीच जास्त वाट असायची. शेणींचा भाव कधी बदलायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माझी सासू ह्याच भावानं इकायची. मी कशाला बदलू?"

घासलेट तेव्हा फक्त दिव्यापुरतं. वाण्याकडून छोटी बाटली आणायची, चिमणीत घालायची, जेवणं झाली की फुंकर मारायची. वाणी ते मापताना शेवटचा थेंबसुद्धा झटकून घ्यायचा.

तीस साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. एके दिवशी पेठेत घंटा वाजवत एक बैलगाडी आली. गाडीवर लाल रंगाची लोखंडी टाकी आणि मागं तोटी. गाडीवान ओरडत होता की घासलेट घ्या, वाण्यापेक्षा स्वस्त. बाया पहिल्यांदा लांबूनच बघत राहिल्या. मग एकीनं बाटली पुढं केली, मग सगळ्यांनी. आठवडाभरात दुसरी गाडी आली. तिची टाकी निळी. ती लाल गाडीपेक्षाही स्वस्त. पुढच्या खेपेला लाल गाडीनं अजून उतरवलं, त्याच्या पुढच्या खेपेला निळीनं. आम्ही बायका निम्मी बाटली लालकडून घ्यायचो आणि निम्मी निळीची वाट बघत ठेवायचो.

हे असं का होतंय, ते कुणालाच सांगता येईना, आणि जो तो सांगत होता. वाणी म्हणाला की हे तेल नासकं आहे, डोळे जातील. अक्काचा नवरा म्हणाला की सरकारनं त्यावरची पट्टी काढली असेल. ह्यांच्या मिलमध्ये एक कारकून होता, तो म्हणे की दोन कंपन्यांच्या साहेबांचं विलायतेत भांडण झालंय, एकानं दुसऱ्याला बुडवायचं ठरवलंय. कुणी म्हणालं, ब्रह्मदेशात तेलाची विहीर फुटली आहे आणि ते वाहून चाललंय, म्हणून मिळेल त्या भावाला काढतायत. मी सगळ्यांचं ऐकायची आणि प्रत्येकाचं मला खरं वाटायचं. दोन साहेबांच्या भांडणाचं तर मी फार दिवस मनावर घेतलं होतं. भांडण त्यांचं, मग फायदा आमचा का, हे काही केल्या उमगत नव्हतं. आमच्याकडं दोन भाऊ भांडले तर रान पडीक पडायचं. त्यातून कुणाला काही स्वस्त मिळालेलं मी पाहिलं नव्हतं.

ह्यांना मात्र संशय आला. हे म्हणाले, "कोन फुकट देतंय का? कायतरी काळंबेरं हाय की."

त्यातच निळ्या गाडीबरोबर कोट-टोपी घातलेला एक एजंट आला. त्यानं चाळीच्या अंगणात पाट मांडला, त्यावर पितळेचा स्टोव्ह ठेवला आणि सगळ्या बायकांसमोर चहा केला. धूर नाही, फुंकणी नाही, राख नाही. स्टोव्हचा आवाज एवढा की अक्काचा माग बंद पडला, तिचा नवरा बाहेर येऊन बघायला लागला. एजंटानं सांगितलं की जो निळ्या गाडीचं तेल घेईल त्याला हा स्टोव्ह अगदी थोडक्या पैशात मिळेल. मी ह्यांच्याकडं हट्ट धरला. नवीन संसार होता, मी कधी काही मागितलं नव्हतं. ह्यांनी आणला.

पण आणल्यावर ह्यांनाच त्याची भीती. टाकीला कान लावायचे, पंप किती मारला ते विचारायचे. बॉयलरला वाफ सोडायची झडप असते, तशी ह्याला कुठं आहे, ते शोधत बसायचे. मी स्टोव्ह पेटवला की हे उठून पडवीत जाऊन उभे राहायचे. अख्ख्या मिलची आग सांभाळणारा माणूस चहाच्या आगीला भ्यायचा, म्हणून अक्का पदर तोंडाला लावून हसायची. खरं म्हणजे स्टोव्हवर भाकरी नीट होत नव्हती. जाळ मधोमध लागायचा, मधला भाग करपायचा आणि कडा कच्च्या राहायच्या. फुगवायला निखारे नाहीत. शिवाय घासलेटाचा वास. हे कच्च्या कडा कालवणात बुडवून खायचे. मीही तशीच खायची, हट्ट माझाच होता.

मग चाळीचा मालक आला. चाळीतल्या बऱ्याच घरांत आता स्टोव्ह आला होता. तो म्हणाला, भिंती काळ्या होतात, आता चुली काढून टाका, मी चुना मारून देतो. फुकट चुना मिळतोय म्हणून आम्ही पाच-सहा घरांनी चुली फोडल्या. अक्कानं फोडली नाही. तिनं मालकाला सांगितलं की सुताला लावायची खळ शिजवायला मोठी चूल लागते, आणि वर मला म्हणाली की गाडी बैलाची आहे, बैल कधीही वळतो.

मावशी आली तेव्हा माझी खोली पांढरीफेक झाली होती. तिनं दारातूनच आत बघितलं. चुलीची जागा बघितली, स्टोव्ह बघितला. पाटी उतरवली नाही. मी म्हटलं, बस की. तर उभ्यानंच म्हणाली, "त्येल सवस्त झालं म्हून शेण वंगाळ झालं का गं पोरी?"

शेणी तशाच होत्या, वाळलेल्या, कडक, तिच्या बोटांचे ठसे उमटलेल्या. भावही तोच होता. तिनं काहीच बदललं नव्हतं, आणि तरी त्या एकाएकी महाग झाल्या होत्या. आंघोळीच्या पाण्याला लागतील म्हणून मी थोड्या घेतल्या आणि पडवीत तीन दगड मांडून त्यावर हंडा ठेवू लागले. पण चाळीतल्या बाकीच्या बायकांनी तेवढ्याही घेतल्या नाहीत. पुढच्या वेळी तिनं भाव उतरवला. सासूचा भाव मोडताना तिचा चेहरा कसनुसा झाला होता. तरी पाटी अर्धी परत गेली. मग ती यायचीच बंद झाली.

मला वाटलं, गेली बिचारी कुठंतरी माती वाहायला. पण तसं झालं नव्हतं. महिन्याभरानं मी तिला लाल गाडीपाशी पाहिलं. तीच पाटी, तीच चुंबळ, आणि पाटीत घासलेटाचे डबे. म्हणाली, शेण कुणी घेत नाही तर जे घेतात तेच विकावं. इथून स्वस्त न्यायचं आणि वस्त्यांवर, खेड्यांवर दिव्यासाठी विकायचं. जे काही गाठीला होतं ते सगळं तिनं डब्यांत घातलं होतं. मला तिचं फार कौतुक वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले की म्हातारी हुशार निघाली.

पण तिचं घासलेट वस्त्यांवर खपलंच नाही. तिथल्या लोकांना अंधार पडला की झोपायची सवय. दिवा एक, तोही करडईच्या तेलाचा. कुणी म्हणालं, ह्याच्या वासानं शेरडं चारा खात नाहीत. कुणी म्हणालं, गंजीला आग लागेल. डबे तिच्या खोपटात तसेच पडून राहिले. एकदा पेठेत भेटली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की शेण थापत होते तेच बरं होतं, निदान खपलं नाही तर घरात जाळता तरी येत होतं.

आणि मग ती सकाळ आली. मी पाणी भरून येत होते. नाक्यावरच्या लिंबाखाली लाल गाडी आणि निळी गाडी, दोन्ही शेजारी-शेजारी सोडलेल्या. बैल एकाच पेंढीवर तोंड घालत होते. दोन्ही गाडीवान एका विडीवर विडी पेटवत बसले होते. आजवर ते एकमेकांना बघून थुंकायचे. आम्ही बाटल्या घेऊन गेलो तर दोघांचा भाव एकच. आणि तो भाव गाड्या यायच्या आधी वाण्याकडं होता, त्याच्याही वर.

बायकांनी गलका केला. हे रात्रपाळीवरून येत होते, तेही थांबले. निळ्या गाडीचा गाडीवान मुसलमान होता, दखनी बोलायचा. ह्यांनी त्याला विचारलं की काल काय भाव होता आणि आज काय, मधे झालं काय? तो बिचारा हात जोडून म्हणाला, "हमकू क्या मालूम भाई. कल तलक बोलते थे, इसके बाजू में खडे बी नक्को रहो. आज बोले, साथ में जाव."

एवढंच आम्हाला त्या सगळ्या प्रकरणाचं कळलं. साहेबांचं भांडण झालं होतं का, मिटलं का, कसं मिटलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. ब्रह्मदेशातली विहीर बुजली का तेही नाही.

आता पंचाईत आमची. चुली फोडलेल्या. पुन्हा घालायला मालक परवानगी देईना, कारण भिंतींना चुना त्याच्या पैशाचा. पडवीतल्या तीन दगडांवर वारा लागायचा, भाकरी भाजेपर्यंत होतं ते जळण संपून जायचं. मी पीठ घेऊन अक्काकडं जाऊ लागले. तिच्या खळीच्या चुलीवर आधी तिच्या भाकरी, मग माझ्या, मग आणखी दोघींच्या. ती कधी बोलून दाखवत नव्हती. फक्त जळण ज्याचं त्यानं आणायचं असा तिनं नेम घातला. आणि जळणाला शेणी कुठं होत्या? थापणारी डबे घेऊन बसली होती.

डबे! ते मला अक्काच्या चुलीपुढं बसलेली असताना आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मावशीच्या वस्तीवर गेले. ती खोपटाबाहेर बसून निवडण करत होती. मी धापा टाकत सांगितलं की घासलेट महागलंय, तुझे डबे आता सोन्याचे झालेत. तिला ते काही केल्या पटेना. ती आत जाऊन डबे बघून आली. बाहेर येऊन म्हणाली, "त्येच त्येल हाय की. जागचं हाललं बी न्हाय. मग म्हागलं कसं?"

मी म्हटलं, मावशी, ते मलाही माहीत नाही.

तिचं म्हणणं, आपण ज्या भावानं घेतलं त्याच्यावर पाटी वाहिल्याचे चार पैसे घ्यावेत, जास्त घेणं बरं नाही. मी होय म्हणाले. चाळीत येऊन दोघी-तिघींना सांगितलं, आणि ते वाण्याच्याही कानावर गेलं. पण बायका डबा-डबा कुठून घेणार, त्या बाटल्या घेऊन निघाल्या, आणि त्या पोचायच्या आधी वाणी टांगा घेऊन वस्तीवर पोचला होता. मावशीनं सांगितलेल्या भावापेक्षा थोडं जास्तच देऊन त्यानं सगळे डबे उचलले. मावशीला तो देवमाणूस वाटला. मागितल्यापेक्षा जास्त देणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तेच घासलेट आठ दिवसांनी त्यानं आम्हाला गाडीच्या भावानं विकलं.

चाळीतल्या बायका मावशीवर चिडल्या, काहीजणी वाण्यावर, आणि एक-दोघी माझ्यावर, की मीच डबे दाखवले. मी कुणावर चिडावं ते मला ठरवता येईना. मावशीनं खोटं काही केलं नव्हतं. वाण्यानं तर तिला तिच्या मागणीपेक्षा जास्तच दिलं होतं. गाडीवानाला काही माहीत नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि मी पीठ घेऊन दुसऱ्याच्या चुलीपुढं बसले होते.

पुढं मिलमध्ये कुरकुर वाढली. घासलेटाबरोबर इतरही गोष्टी महाग झाल्या होत्या. तेव्हा मिलनं फाटकाजवळ एक खिडकी उघडली. कामगाराला दरमहा ठरावीक घासलेट, स्वस्त भावानं. ह्यांनी पहिल्या महिन्याला डबा आणला तेव्हा तो दोन्ही हातांनी धरून आणला, जसं काही देवाचं तीर्थ. ज्या फाटकातून कोळशाचा खडा बाहेर येत नव्हता तिथूनच घासलेट येत होतं. मी डब्याला हळदीकुंकू लावलं.

त्याच पगारात महागाईपोटी जे थोडं वर मिळायचं ते बंद झालं होतं. ह्यांनी विचारलं तर कारकुनानं सांगितलं, आता घासलेट स्वस्त मिळतंय ना, मग महागाई कसली? आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून हिशेब करू लागलो की आपल्याला फायदा झाला का तोटा. एकदा करून बघितला तर फायदा निघाला. पुन्हा केला तर तोटा. घासलेट जास्त जाळलं तर फायदा होत होता आणि कमी जाळलं तर तोटा. ह्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजे नफा पायजे आसंल तर दिवसा बी दिवा लावायचा व्हय?"

मी हसले. हे हसले नाहीत.

ज्यांच्या घरी स्टोव्ह नव्हता ते आपला डबा वाण्याला विकायचे. वाण्याच्या दुकानाला मागचं दार होतं, ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बंदच होत नसे. अक्काच्या घरचे मिलमध्ये नव्हते. त्यांना खिडकी नव्हती, आणि कामाच्या घाईत त्यांना दिव्याशी बसून विणावं लागायचं. तिची चूल मी वापरत होते, म्हणून आमच्यातलं घासलेट मी तिला आमच्याच भावानं देऊ लागले. ह्यांना ते आवडलं नाही. बाहेर द्यायचं नाही असा मिलचा हुकूम होता. मी म्हटलं, वाण्याला दिलेलं चालतं आणि अक्काला दिलेलं चालत नाही, हे कसं? हे म्हणाले की वाण्याला दिलेलंही चालत नाही, पण ते दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून अक्काकडं बाटली हेच नेऊन देऊ लागले, धोतराच्या सोग्याखाली झाकून.

ती खिडकी वर्षभर चालली असेल. एक दिवस बंद झाली. का, तर बाजारात घासलेट पुन्हा उतरलं होतं, आता खिडकीची गरज काय? बंद झालेले महागाईचे पैसे मात्र पुन्हा सुरू झाले नाहीत. ते विचारायला चारजण गेले, त्यात हेही होते. साहेबानं त्यांना बसायला बाक दिला, गोड बोलला आणि काहीतरी समजावून सांगितलं. मिलमध्येही वीज येणार, बॉयलर कमी होणार, असंही त्यात काहीतरी होतं. बाहेर आल्यावर चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. हे म्हणाले, "आत हुतो तवा समदं पटत हुतं."

घासलेट उतरलं तसं लोक पुन्हा स्टोव्ह शोधू लागले. मी माझा विकला. घेतला त्यापेक्षा जास्त पैसे आले. जुना झालेला, पिन मारून-मारून तोटी रुंदावलेला स्टोव्ह नव्यापेक्षा महाग गेला, ह्याचं मला आता फारसं नवल वाटलं नाही. ते पैसे आणि मावशीकडचे डब्यांचे पैसे एकत्र करून आम्ही दोघींनी अक्कलकोटच्या बाजारातून एक म्हैस आणली. ती मावशीच्या वस्तीवर बांधली. मालकानंही अखेर पडवीला आडोसा करू दिला, तिथं मी नवी चूल घातली. शेणी घरच्या. दूध मावशी काढायची, पेठेत मी घालायची.

दोन-तीन वर्षं बरी गेली. दुधाचा भाव आम्ही एकच ठेवला होता. मावशीचा तसा हट्टच होता. मग पेठेत आणखी एक दूधवाली येऊ लागली. एका सकाळी माझ्या कानावर आलं की तिनं भाव वाढवला. मी त्या दिवशी चाळीच्या पहिल्याच दारात, काही न ठरवता, वाढवूनच सांगितला.

त्या घरची बाई नवी होती, नुकती लग्न होऊन आलेली. भांडं हातात धरून तिनं विचारलं, "का वो, काय झालं? काल तर कमी हुतं."

मी म्हटलं, पेंड महागली.

म्हटलं खरं, पण पेंड महागली होती का ते मला ठाऊक नव्हतं. पेंड मावशी आणायची. तिला विचारायचं असं मी ठरवलं. त्या नव्या बाईनं मान हलवली, भांडं पुढं केलं आणि मी दूध मापून ओतलं.